मधुमेहाच्या बातम्यांत वजनकाट्याऐवजी टेप हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मधुमेहावरच्या बातम्यांत आणि आरोग्य पुरवण्यांत दोन गोष्टी हमखास छापून येतात. पहिली, ‘भारतीयांच्या जनुकांतच मधुमेह आहे’. दुसरी, लेखाच्या शेजारच्या चौकटीतला तक्ता: बीएमआय १८.५ ते २४.९ म्हणजे वजन योग्य, २५ च्या पुढे जादा, ३० च्या पुढे लठ्ठपणा. यातले पहिले विधान अर्धवट आहे आणि दुसरे आपल्या लोकांपुरते चुकीचे आहे. या दोन्हींमुळे अंगाने किरकोळ माणूस निर्धास्त राहतो आणि ज्याच्या घरात मधुमेह आहे तो ‘आमच्या रक्तातच आहे’ म्हणून हात टेकतो. पत्र लांबले आहे, पण विषय घरोघरचा आहे. जागा द्यावी ही विनंती.

आधी तक्त्याबद्दल. किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागले की बीएमआय मिळतो. २५ आणि ३० या सीमारेषा मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांच्या नोंदींवरून ठरल्या. आशियाई लोकांत त्याहून कमी बीएमआयलाच धोका सुरू होतो हे लक्षात आल्यावर जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञगटाने २००४ मध्ये आशियाई लोकांसाठी २३ आणि २७.५ हे जादा टप्पे सुचवले. भारतीय डॉक्टरांच्या २००९ च्या सहमतीच्या निवेदनात २३ पासून जादा वजन आणि २५ पासून लठ्ठपणा धरला गेला. या गोष्टीला इतकी वर्षे होऊनही आपल्या चौकटीत जुनेच आकडे येतात.

फरक किती मोठा आहे? इंग्लंडमधील सुमारे १४ लाख ७० हजार लोकांच्या वैद्यकीय नोंदींवरचा एक अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. गोऱ्या लोकांत बीएमआय ३० ला टाइप २ मधुमेहाचा जेवढा धोका असतो, तेवढाच धोका इतर गटांत कोणत्या बीएमआयला येतो, हे त्यात काढले होते. कृष्णवर्णीयांत तो २८.१ ला आला, चिनी लोकांत २६.९ ला, अरबांत २६.६ ला आणि दक्षिण आशियाईंत २३.९ ला. किलोंत सांगायचे तर १६५ सेंटिमीटर, म्हणजे पाच फूट पाच इंच उंचीच्या गोऱ्या माणसाला ८२ किलोला जो धोका आहे, तो त्याच उंचीच्या भारतीय वंशाच्या माणसाला ६५ किलोला आहे. तब्बल सतरा किलोंचा फरक. पाच फूट पाच इंचाच्या ६५ किलोच्या माणसाला आपल्याकडे कोणी जाड म्हणत नाही. ‘तब्येत बेताची आहे’ असेच म्हणतात.

असे का होते, याचे उत्तर चरबीच्या प्रमाणात आणि जागेत आहे. २००४ मध्येच ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे एकत्र छायाचित्र छापून आले होते. दोघांचा बीएमआय तंतोतंत सारखा, २२.३. मात्र क्ष-किरण तंत्राने मोजलेली शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. हे छायाचित्र आजही व्याख्यानांत दाखवले जाते आणि बरेचदा ‘बघा, जनुके’ एवढेच सांगून पुढची स्लाइड येते. खुद्द लेखकांनी मात्र त्याच मजकुरात नोंदवले होते की युडकिन मॅरेथॉन धावतात आणि याज्ञिक यांना व्यायाम जवळपास नाही. शिवाय याज्ञिक यांचे जन्मवजनही कमी होते. जनुकांचा वाटा किती, हे अजून ठरायचे आहे असे त्यांनी स्पष्ट लिहिले होते. एवढी सावधगिरी आपल्या बातम्यांतही हवी.

चरबी स्वतः शत्रू नाही. कातडीखालची चरबी, विशेषतः मांड्या आणि नितंबांवरची, ही जादा ऊर्जेची सुरक्षित साठवण आहे. प्रत्येकाच्या या कोठाराची क्षमता वेगळी असते. कणगी लहान असेल तर थोडे पीक आले तरी धान्य बाहेर सांडते, तसे कातडीखालची जागा संपली की जादा चरबी आतड्यांभोवती, यकृतात, स्वादुपिंडात आणि स्नायूंत जाऊन बसते. यकृतात चरबी साठली की रात्रभर उपाशी असतानाही यकृत रक्तात साखर सोडत राहते आणि इन्सुलिनला जुमानत नाही. स्वादुपिंडात साठली की इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशी मंदावतात. दक्षिण आशियाई लोकांत सरासरीने हे कोठार लवकर भरते, असे आजचे पुरावे सांगतात.

दुसरी बाजू स्नायूंची, आणि तिच्याकडे फारच दुर्लक्ष होते. जेवणानंतर रक्तात आलेल्या साखरेचा मोठा वाटा स्नायू उचलतात. आपल्या लोकांत त्याच वजनाला स्नायू कमी असतात, म्हणजे साखर उचलणारी यंत्रणाच लहान. त्यात इन्सुलिनचा राखीव साठा तोकडा. स्वीडन आणि फिनलंडमधील रुग्णांवरून २०१८ मध्ये प्रौढांच्या मधुमेहाचे पाच उपप्रकार मांडले गेले. ती पद्धत पुण्यातल्या तरुण वयातल्या मधुमेहींना लावली तेव्हा इन्सुलिनची तीव्र कमतरता असलेला गट ठळकपणे पुढे आला, आणि ही माणसे बहुधा सडपातळच होती. म्हणून ‘आधी लठ्ठपणा, मग मधुमेह’ हा क्रम आपल्याकडे धरून चालत नाही. अशा रुग्णाला नुसते ‘वजन उतरवा’ सांगितले तर त्याचे उरलेसुरले स्नायूही जातात.

हे सगळे वयाच्या चाळिशीत सुरू होत नाही. पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९३ मध्ये केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्राने गर्भवतींचा अभ्यास सुरू केला. त्या मातांचे गरोदरपणाआधीचे सरासरी वजन सुमारे ४२ किलो होते. त्यांची बाळे सरासरी २.७ किलोची, तर तुलनेसाठी घेतलेल्या इंग्लंडमधील साउदम्प्टनची बाळे ३.५ किलोची. इथपर्यंत अपेक्षितच. पण नवजात बाळांच्या दंडाचा आणि पोटाचा घेर, म्हणजे स्नायू आणि यकृतासारखे अवयव, खूप कमी भरले, आणि खांद्याच्या पात्याखाली चिमटीत धरून मोजलेली कातडीखालची चरबी मात्र जवळजवळ टिकून होती. बाळ दिसायला काटकुळे, पण त्याच्या अंगात चरबीचा वाटा जास्त. असेच माप पुढे दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनाममध्ये, करारावर मजुरीला गेलेल्या भारतीयांच्या चौथ्या-पाचव्या पिढीच्या नवजात बाळांतही सापडले. शंभर-सव्वाशे वर्षांत देश बदलला, अन्न बदलले, तरी ही ठेवण गेली नाही.

हा मुद्दा जनुकांच्या बाजूचा वाटतो, आणि काही अंशी आहेही. पण आईच्या गर्भातले पोषण पिढ्यान् पिढ्या पुढे सरकते. लहान चणीच्या आईला लहान चणीची मुलगी होते, तीच पुढे आई होते. १९६२ मध्ये अमेरिकी जनुकशास्त्रज्ञ जेम्स नील यांनी ‘काटकसरी जनुका’ची कल्पना मांडली: दुष्काळात चरबी साठवून ठेवणारी जनुके टिकली आणि आता सुकाळात तीच उलटली. तीस वर्षांनी, १९९२ मध्ये, ब्रिटिश संशोधक हेल्स आणि बार्कर यांनी काटकसर जनुकांत नसून गर्भातल्या कुपोषणाने शरीराला लागलेल्या वळणात आहे, अशी मांडणी केली. माझ्या मते पुण्याच्या बाळांचा पुरावा दुसऱ्या बाजूला अधिक झुकतो. त्या खेड्यांतल्या ज्या माता गरोदरपणी पालेभाज्या आणि दूध जास्त वेळा घेत होत्या त्यांची बाळे मोठी होती. ज्या मातांच्या रक्तात बी-१२ जीवनसत्त्व कमी आणि फोलेट (फॉलिक आम्लाच्या गोळ्यांतून मिळते ते जीवनसत्त्व) जास्त होते, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षीच इन्सुलिनला दाद न देण्याची लक्षणे अधिक दिसली. नुसत्या फॉलिक आम्लाच्या गोळ्या देऊन बी-१२ कडे डोळेझाक करणे शाकाहारी घरांत किती महाग पडू शकते, याची ही सूचना आहे.

आता जनुकांचेच बोलू. टाइप २ मधुमेहाचे एकच जनुक नाही. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक अभ्यासात २५ लाखांहून अधिक लोकांच्या जनुकीय माहितीतून मधुमेहाशी निगडित ६११ जागा सापडल्या. प्रत्येकीचा परिणाम बारीक. सामान्यपणे आढळणाऱ्यांपैकी सर्वांत ठळक जागा टीसीएफ७एल२ या जनुकात आहे. ती २००६ मध्ये आइसलँडच्या संशोधकांनी शोधली आणि पुढच्याच वर्षी पुण्याच्या रुग्णांतही तिची खात्री झाली. तिथल्या धोकादायक बदलाची एक प्रत असली तर धोका साधारण दीडपट होतो. म्हणजे ही बहुधा सगळ्या मानवजातीची समाईक जनुके आहेत. ‘भारतीयांचे मधुमेहाचे जनुक’ अशी वस्तू नाही.

एखाद्या गटात मोठा परिणाम करणारे जनुक सापडल्याची उदाहरणे आहेत, आणि ती बघण्यासारखी आहेत. ग्रीनलंडच्या इनुइट लोकांत टीबीसी१डी४ या जनुकाचा एक बदल आहे. त्याच्या दोन्ही प्रती मिळालेल्या, म्हणजे शंभरात सुमारे चार माणसांच्या, स्नायूंना जेवणानंतर साखर नीट आत घेता येत नाही. त्यांचा मधुमेहाचा धोका सुमारे दहापट. त्यांची उपाशीपोटीची साखर मात्र ठीक दिसू शकते आणि निदान दोन तासांनंतरच्या साखरेवरच होते. सामोआत याच्या उलट. तिथल्या जवळपास एकचतुर्थांश जनुकप्रतींत सीआरईबीआरएफचा एक बदल आहे. तो वजन वाढवतो, पण मधुमेहाचा धोका कमी करतो. साठवणीची जागा चांगली असली तर वजन वाढूनही साखर का वाढत नाही, ते इथे दिसते. वजन आणि मधुमेह यांना जोडणारी दोरी प्रत्येक समाजात वेगळ्या लांबीची असते.

जनुके म्हणजे नियती नव्हे, याचा सर्वांत ठसठशीत पुरावा अमेरिका आणि मेक्सिकोच्या सीमेवर आहे. पिमा आदिवासी दोन्हीकडे राहतात आणि जनुकीयदृष्ट्या एकमेकांना जवळचे आहेत. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनेत अ‍ॅरिझोनातल्या पिमांत मधुमेहाचे प्रमाण ३८ टक्के होते आणि मेक्सिकोच्या डोंगरात शेती करून राहणाऱ्या पिमांत ६.९ टक्के. दुसरा पुरावा मॉरिशसचा. तिथे आपली मराठी माणसेही पिढ्यान् पिढ्या राहतात. १९८७ च्या पाहणीत तिथल्या हिंदूंत १२.४ टक्के, मुस्लिमांत १३.३, आफ्रिकी वंशाचा वारसा असलेल्या क्रिओलांत १०.४ आणि चिनी वंशाच्या लोकांत ११.५ टक्के मधुमेह होता. चार वेगवेगळे वारसे, एक बेट, एकसारखी बदललेली राहणी आणि आकडे जवळजवळ सारखे. आपल्या देशातही, २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी मधुमेह पाहणीत गोव्यात मधुमेहाचे प्रमाण २६.४ टक्के आणि उत्तर प्रदेशात ४.८ टक्के आले. एवढी दरी राज्यांच्या जनुकांनी पडत नाही. त्यामागे लोकसंख्येचे वय, शहरीकरण, बैठे काम आणि खाणे आहे.

म्हणूनच लाळेचा नमुना पाठवून ‘तुमच्या मधुमेहाचा जनुकीय धोका’ सांगणाऱ्या संचांच्या जाहिरातींना भुलू नये असे मी स्पष्ट म्हणेन. अशी बरीचशी गुणपत्रके युरोपीय वंशाच्या लोकांच्या माहितीवर बेतलेली असतात आणि दुसऱ्या वंशाच्या लोकांना लावली की त्यांची अचूकता घसरते. आई-वडिलांना मधुमेह आहे का, हा प्रश्न फुकट आहे आणि त्यात जनुके, स्वयंपाकघर आणि घरच्या सवयी एकत्रच मोजल्या जातात. जनुकीय तपासणी खरोखर लागते ती दोन वेळा. बाळाला पहिल्या सहा महिन्यांत मधुमेह झाला तर, कारण त्यातल्या काही बाळांचे इन्सुलिन बंद करून गोळ्यांवर आणता येते. आणि बारीक अंगाच्या तरुणाला पंचविशीच्या आत मधुमेह, तोही सलग तीन पिढ्यांत, असे असेल तर, कारण मॉडी नावाच्या या एकजनुकी प्रकारात बरेचदा साधी स्वस्त गोळी पुरते.

वाचकांनी काय करावे? मद्रास डायबिटीस रिसर्च फाउंडेशनच्या डॉ. व्ही. मोहन आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये भारतीयांसाठी जोखमीची गुणपद्धत तयार केली. तिला रक्त लागत नाही. वय ३५ च्या आत ० गुण, ३५ ते ४९ ला २०, पन्नास आणि पुढे ३०. कंबर पुरुषांची ९० सेंटिमीटरच्या आत आणि स्त्रियांची ८० च्या आत असेल तर ०. पुरुषांची ९० ते ९९ किंवा स्त्रियांची ८० ते ८९ असेल तर १०. त्याहून जास्त असेल तर २०. नियमित व्यायाम आणि अंगमेहनतीचे काम दोन्ही असेल तर ०, यांपैकी एकच असेल तर २०, दोन्ही नसेल तर ३०. आई-वडिलांपैकी कोणालाही मधुमेह नसेल तर ०, एकाला असेल तर १०, दोघांना असेल तर २०. बेरीज ६० किंवा जास्त आली की धोका मोठा, साखर तपासायलाच हवी. ३० ते ५० मध्यम. यात बीएमआय कुठेच नाही, हे संपादक महोदयांनी मुद्दाम पाहावे. चौकटीत छापायला याहून उपयोगी मजकूर नाही.

कंबर मोजताना मात्र चुका होतात. पुरुष पँटचा नंबर सांगतात. पँट सुटलेल्या पोटाखाली बांधलेली असते, त्यामुळे ३४ नंबरची पँट घालणाऱ्याची खरी कंबर ३८ इंच निघू शकते. स्त्रिया परकराच्या नाडीच्या वळावर टेप लावतात, तिथे घेर आवळलेला असतो. बरोबर जागा अशी: कुशीत बोटाने चाचपून शेवटच्या बरगडीची खालची कड शोधा, मग कमरेच्या हाडाची वरची कड शोधा, आणि दोन्हींच्या मधोमध पेनाने खूण करा. दोन्ही कुशींत खुणा झाल्या की शिंप्याची टेप जमिनीला समांतर, अंगाला टेकेल पण रुतणार नाही अशी लावा. पाय थोडे फाकवून सरळ उभे राहा, पोट आत ओढू नका, आणि सहज श्वास सोडल्यावर आकडा वाचा. दोनदा मोजा. दोन मापांत एक सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर पुन्हा पहिल्यापासून. जुनी कापडी टेप ताणली गेलेली असते, ती एकदा शाळेच्या पट्टीशी ताडून बघा. ९० सेंटिमीटर म्हणजे साडेपस्तीस इंच आणि ८० म्हणजे साडेएकतीस. आकडे लक्षात राहत नसतील तर कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी हवी, एवढे पुरे.

रक्ताच्या तपासणीतही सापळे आहेत. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी सोयीची, कारण उपाशी राहावे लागत नाही. ५.७ ते ६.४ टक्के मधुमेहपूर्व आणि ६.५ टक्क्यांपासून मधुमेह. पण ही चाचणी हिमोग्लोबिनवर चालते, आणि पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या स्त्रियांत महाराष्ट्रात निम्म्याहून अधिक जणींना रक्तक्षय आहे. लोहाच्या कमतरतेने हा आकडा खोटा वाढू शकतो, आणि लोहाच्या गोळ्या सुरू झाल्यावर साखर तेवढीच असतानाही खाली येतो. विदर्भात आणि नंदुरबारकडे सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. त्यात तांबड्या पेशी लवकर मरतात आणि आकडा खोटा कमी येतो. अशा ठिकाणी निर्णय थेट साखर मोजूनच घ्यावा.

शिबिरांत आणखी एक गोष्ट बिघडते. साध्या नळीत घेतलेले रक्त तसेच राहिले तर त्यातल्या पेशी तासाला सुमारे ५ ते ७ टक्के साखर खाऊन टाकतात. सकाळी आठला गावात घेतलेला नमुना दुपारी दोनला तालुक्याला तपासला तर मधुमेही माणूस निरोगी ठरेल. रक्त फ्लोराइडच्या, राखाडी बुचाच्या नळीत हवे आणि ते थंड ठेवून लवकर पोहोचायला हवे.

सर्वांत भरवशाची चाचणी ग्लुकोज पिऊन दोन तासांनी करायची. आदल्या तीन दिवसांत नेहमीसारखे जेवा. ‘उद्या तपासणी आहे’ म्हणून भात-पोळी तोडली तर साखर उलट जास्त दिसू शकते. रात्री आठ ते दहा तास उपास, पाणी चालेल. सकाळी एक नमुना, मग ७५ ग्रॅम ग्लुकोज (पाण्याच्या रेणूसह येणारी पावडर असेल तर ८२.५ ग्रॅम) २५० ते ३०० मिलिलिटर पाण्यात घालून पाच मिनिटांत प्यायचे. घड्याळ पहिल्या घोटाला लावायचे. दोन तास बसून राहायचे, फेरफटका नाही, चहा नाही, तंबाखू-विडी नाही. दोन तासांनी साखर १४० (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर) च्या आत सामान्य, १४० ते १९९ मधुमेहपूर्व, २०० पासून मधुमेह. उपाशीपोटी १२६ पासून मधुमेह. लक्षणे नसतील तर एका आकड्यावर शिक्का मारू नये, दुसऱ्या दिवशी पुन्हा खात्री करावी. बोट टोचून घरी मोजायचे यंत्र निदानासाठी नाही.

खाण्याबाबत आपल्या पुरवण्या भरडधान्याचा फार उदोउदो करतात, म्हणून एवढेच. आयसीएमआर-इंडियाबच्या २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आहारविषयक निष्कर्षांनुसार भारतीयांच्या उष्मांकांपैकी सुमारे ६२ टक्के कर्बोदकांतून येतात. त्याच प्रमाणात खाऊन पांढऱ्या तांदळाऐवजी नुसती पोळी किंवा भरडधान्याचे पीठ आणले तर धोका कमी झालेला दिसला नाही. एकूण उष्मांकांपैकी ५ टक्के कर्बोदकांऐवजी डाळी-कडधान्ये किंवा दूध-दह्यातल्या प्रथिनांतून घेतले तर मात्र दिसला. ज्वारीची भाकरी चांगली आहे, पण चार भाकऱ्या चांगल्या नाहीत. पन्नास ग्रॅम पिठाच्या एका भाकरीत पस्तीस ग्रॅमच्या आसपास कर्बोदके असतात. तीनपैकी एक भाकरी कमी करून तिच्या जागी तीस ग्रॅम मटकी किंवा मुगाची वाटीभर उसळ घेतली तर त्या एका भाकरीपुरती कर्बोदके निम्मी होतात आणि सुमारे सात ग्रॅम प्रथिने मिळतात. उपासाच्या साबुदाण्यात प्रथिने जवळजवळ नाहीतच. दाण्याचा कूट आणि दही त्याला थोडा आधार देतात, इतकेच.

व्यायामात नुसते चालणे आपल्या ठेवणीला अपुरे आहे. आठवड्याला दीडशे मिनिटे चाला, जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे चाललात तर अधिक चांगले, पण आठवड्यातून दोनदा स्नायूंना भार द्या: खुर्चीतून हात न टेकता दहा वेळा उठबस, भिंतीवर हात टेकवून दंड, पाण्याच्या बाटल्या उचलणे. वजन न उतरताही फायदा होतो, हे भारतातच सिद्ध झाले आहे. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इंडियन डायबिटीस प्रिव्हेन्शन प्रोग्राममध्ये मधुमेहपूर्व अवस्थेतल्या ५३१ लोकांना तीन वर्षे पाहिले. नुसता साधा सल्ला मिळालेल्यांपैकी ५५ टक्के लोकांना मधुमेह झाला, आहार-व्यायामाचा नीट पाठपुरावा केलेल्यांपैकी ३९.३ टक्क्यांना, आणि त्यांचे वजन फारसे घटले नव्हते. मात्र मधुमेह झालेल्या, पण बीएमआय २७ च्या आत असलेल्या वीस जणांवर इंग्लंडमध्ये झालेल्या छोट्या अभ्यासात सरासरी साडेसहा टक्के वजन उतरल्यावर चौदा जणांची साखर गोळ्यांशिवाय आटोक्यात आली. ७० किलोच्या माणसाला ते साडेचार किलो होतात. ‘मी कुठे जाड आहे’ म्हणणाऱ्यांनी हा आकडा जरूर पाहावा. वजन उतरवताना प्रथिने आणि भाराचा व्यायाम मात्र सोडू नये, आणि इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना सांगितल्याशिवाय जेवण एकदम कमी करू नये.

शेवटी गर्भवतींबद्दल, कारण पुढच्या पिढीचे माप तिथेच ठरते. मुंबईच्या झोपडपट्ट्यांतल्या एका प्रयोगात स्त्रियांना गरोदर राहण्याच्या आधीपासून पालेभाज्या, फळे आणि दूध घातलेला खाऊ रोज दिला गेला. त्यांच्यात गरोदरपणीच्या मधुमेहाचे प्रमाण ७.३ टक्के राहिले, दुसऱ्या गटात ते १२.४ टक्के होते. जन्मवजनातला फायदा प्रामुख्याने ज्यांनी गर्भधारणेच्या तीन महिने किंवा त्याहून आधी हा खाऊ सुरू केला होता त्यांना मिळाला. म्हणजे दिवस गेल्यावर डिंकाचे लाडू सुरू करणे उशिराचे आहे.

गरोदरपणी ७५ ग्रॅम ग्लुकोजची चाचणी पहिल्या भेटीत आणि पुन्हा २४ ते २८ आठवड्यांत करायची असते. सरकारी पद्धतीत तिला उपास लागत नाही आणि दोन तासांनी १४० किंवा जास्त म्हणजे गरोदरपणीचा मधुमेह. अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर दुसऱ्या दिवशी पुन्हा. एवढे बरेच ठिकाणी होते. सुटते ते नंतरचे. बाळंतपणानंतर साखर उतरते, आई निर्धास्त होते आणि सहा आठवड्यांनंतरची तपासणी राहून जाते. या स्त्रियांना पुढे टाइप २ होण्याचा धोका मोठा असतो. सहाव्या आठवड्यात आई बाळाला लसीकरणासाठी केंद्रात घेऊन येतेच. त्याच दिवशी, त्याच बाकावर, तिला ग्लुकोजचे पाणी देऊन दोन तास बसवता येते. बाळाच्या लसीकरण कार्डावर ‘आईची साखर’ असा एक रकाना आरोग्य विभागाने घालावा, आणि तो येईपर्यंत आपल्या दैनिकाने लसीकरणाच्या प्रत्येक बातमीखाली ही एक ओळ छापावी, अशी माझी विनंती आहे.

आपली विश्वासू,
एक मधुमेहतज्ज्ञ, पुणे